पंखा आवाज करतो काय करावे

हे माझ्या एका ललित लेखाचं नाव आहे. मूळ नाव ‘अंधारातली कुरकुर’ असं होतं आणि ते सुचायला मला चार दिवस लागले होते. रात्री अडीचला डोक्यावरचा पंखा कुरकुरायला लागतो, झोप मोडते, आणि त्या तालावर बाई आयुष्यात राहून गेलेल्या गोष्टी मोजत पडते, असा साधारण मजकूर. लेख ब्लॉगवर टाकला आणि मी वाचकांची वाट पाहत बसले. पंधरा दिवसांत पान सव्वीस वेळा उघडलं गेलं. मी हुरळले. मग भाच्याने आत शिरून पाहिलं, तर त्यातल्या एकोणीस वेळा मीच होते.

“मावशी, स्वतःचंच पान सारखं उघडून बघतेस?”

“शुद्धलेखन तपासत होते.”

“बरं. तुझा की-वर्ड काय आहे? म्हणजे लोकांनी गूगलवर कुठला शब्द टाइप केला की तू सापडावीस?”

डॉक्टर ‘नक्की कुठे दुखतंय?’ विचारतात त्या सुरात त्याने हे विचारलं. मी जरा विचार करून म्हटलं, “एकटेपणा. आणि काळ.”

“‘काळ’ टाइप केलं तर काळ, काम, वेगाची गणितं येतील. नाहीतर व्याकरण. भूतकाळ, वर्तमानकाळ.”

त्याचं म्हणणं असं की, माणसं गूगलकडे विचार घेऊन येत नाहीत, अडचण घेऊन येतात. आणि अडचण जशी तोंडात येते तशीच टाइप करतात. ‘निद्रानाश’ डॉक्टर लिहितात, ज्याला झोप येत नाही तो ‘झोप येत नाही’ असंच लिहितो. हे ऐकायला सोपं आहे. पण ‘निद्रेच्या उंबरठ्यावरून परतताना’ असली वाक्यं लिहिण्यात ज्या बाईची उमेदीची वर्षं गेली, तिला ते मान्य करायला एक रात्र लागते. लागली.

खरं तर त्याच्या आधी मी माझ्या अकलेने एक उपाय करून बसले होते. पानाच्या सेटिंगमध्ये ‘की-वर्ड्स’ नावाचा एक रकाना सापडला होता. त्यात मी स्वल्पविराम देत देत ५७ शब्द भरले. एकटेपणा, एकाकीपण, एकलेपण, रात्र, मध्यरात्र, उत्तररात्र. शब्द संपत आले तसं ‘वाचनीय’ आणि ‘सकस’ हेही घालून दिलं. लाज वाटली, पण तो रकाना वाचकांना दिसत नाही म्हणून धीर केला.

“वाचकांना दिसत नाही आणि गूगल तो बघत नाही,” भाचा म्हणाला. “क्रमवारीसाठी आम्ही हा रकाना वापरत नाही, असं त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय.”

म्हणजे मी एक अख्खी संध्याकाळ अशा पेटीत चिठ्ठ्या टाकत होते, जिची किल्ली कधीच फेकून दिलेली होती. नव्वदच्या दशकात काही शोधयंत्रं या रकान्यावर विश्वास ठेवत असत. मग लोकांनी त्यात पानाशी काडीचा संबंध नसलेले शब्द कोंबायला सुरुवात केली. काही महाभाग तर पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवत. माणसाला कोरी जागा दिसायची, यंत्राला मजकूर. ही युक्ती ऐकून मला क्षणभर मोह झाला, हे कबूल करते. पण तिच्यासाठी पान थेट गूगलच्या यादीबाहेर जाऊ शकतं, असं कळल्यावर मोह आवरला.

की-वर्डचं काम भाच्याकडे सोपवलं आणि मी स्वतः दुसरी आघाडी उघडली. ‘सोशल बुकमार्किंगच्या २०० साइट्स : आजच नोंद करा’ असा एक लेख माझ्या हाती लागला. कल्पना मला फार आवडली. आपल्या ब्राउझरमध्ये खूण केलेलं पान आपल्यापुरतं राहतं. इथे तीच खूण चारचौघांत ठेवायची, तिला आपल्या मनाने शब्दांची लेबलं चिकटवायची, म्हणजे त्याच विषयाच्या शोधात असलेला कुणी अनोळखी माणूस त्या लेबलावरून आपल्यापर्यंत येतो. सामान्य लोकांनी मिळून केलेल्या या वर्गीकरणाला २००४ मध्ये थॉमस व्हँडर वाल यांनी ‘फोक्सॉनॉमी’ असं नावही दिलं. ग्रंथपालाला न विचारता पुस्तकं आपणच आपल्याला हव्या त्या फळीवर ठेवायची, असा हा कारभार. मी स्वतःला ‘साहित्य : श्रेष्ठ’ या फळीवर ठेवायचं मनात योजून टाकलं.

यादी घेऊन बसले. पहिली डेलिशस. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केली, मग याहूने घेतली, मग हात बदलत बदलत २०१७ मध्ये पिनबोर्ड नावाच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेली आणि त्याने तिथे नवीन खुणा घेणं बंद केलं. पुढची स्टंबलअपॉन. बटण दाबलं की ती तुम्हाला तुमच्या आवडीच्या कुठल्यातरी पानावर नेऊन आदळायची. २०१८ मध्ये बंद. मग डिग. लोक मतं देऊन दुवे वर चढवायचे, आणि पहिल्या पानावर दुवा चढला की गर्दीने समोरची साइट कोसळायची. २०१० मध्ये तिने रूप बदललं, सदस्य खवळले आणि निषेध म्हणून त्यांनी पहिलं पान रेडिट या तशाच दुसऱ्या साइटच्या दुव्यांनी भरून टाकलं. बरेचसे तसेच रेडिटवर राहायला गेले. बाकीच्या साइट्सची तर अशी चरित्रंही सापडली नाहीत. पहिल्या तीस पत्त्यांतले एकवीस दिवंगत निघाले, तिथे नुसती ‘४०४ : पान सापडत नाही’ अशी पाटी. जुनं ते सोनं म्हणतात. इथे जुनं ते ४०४ निघालं.

“मावशी, तो लेख कधीचा आहे ते बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. २००९ चा होता. म्हणजे माझा रकाना निरुपयोगी झाल्याचं जाहीर झालं त्याच वर्षीचा. मीच बहुधा त्या वर्षी कुठेतरी थांबून राहिले असेन.

तरी चिकाटी सोडली नाही. ज्या साइट्स हयात होत्या तिथे खाती काढली. प्रत्येक ठिकाणी आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करावं लागतं. एका रात्रीत मी ते तेवीस वेळा सिद्ध केलं. चोविसाव्या वेळी माझी मलाच खात्री वाटेना. सदस्यसंख्या फुगवायला नवऱ्याच्या नावानेही दोन खाती काढली. हे वाईट दिसतं, पण रेडिटच्या संस्थापकांनीसुद्धा सुरुवातीला वर्दळ दिसावी म्हणून खोट्या नावांनी दुवे टाकले होते, आणि त्यांच्यापैकी एकाने पुढे ते उघड सांगितलं होतं. थोरांच्या पावलावर पाऊल टाकायचं, तर त्यातलं नेमकं सोपं पाऊल निवडण्यात गैर काय?

दुसऱ्या दिवशी मोठ्या आशेने एका साइटवर जाऊन माझा दुवा शोधला. सापडला. त्याच्या वर ऑनलाइन जुगार, खाली केसगळतीवर हमखास इलाज, आणि मध्ये माझं राहून गेलेलं आयुष्य. पानामागून पानं चाळली. सगळीकडे तोच प्रकार. तिथे येणारा प्रत्येक जण फक्त स्वतःचा दुवा टाकायला येत होता. श्रोतेच नसलेलं कविसंमेलन म्हणा ना. सगळे वह्या मांडीवर घेऊन बसलेत, कुणी कुणाचं ऐकत नाही, आणि आपली कविता म्हणून झाली की उठून मागच्या दाराने पसार.

त्यात भाच्याने ‘नोफॉलो’ समजावून सांगितलं. दुवा म्हणजे एका पानाने दुसऱ्याची केलेली शिफारस, असं गूगल मानतं. पण लोक शिफारशी स्वतःच लिहून घ्यायला लागले, म्हणून २००५ मध्ये शोधयंत्रांनी मिळून ही खूण काढली. दुवा दिसतो, क्लिकही होतो, पण त्याच्या मागे यंत्राला कळेल अशा भाषेत लिहिलेलं असतं : या बाईला आम्ही ओळखत नाही. माझे एकोणतीस दुवे लागले होते. म्हणजे एकोणतीस ठिकाणी मला ओळखत नसल्याचं मी रात्र रात्र जागून लिहून घेतलं होतं. शिवाय असे गोळा केलेले दुवे फार झाले तर ते अंगाशीही येऊ शकतात. २०१२ मध्ये गूगलने आपल्या क्रमवारीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला तो अशाच बनावट शिफारशी हुडकायला. एवढा गोंडस पक्षी असं काम करत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एक जिवंत, खरोखर वाचणाऱ्या माणसांची जागा मिळाली. तिथे एक अलिखित प्रमाण होतं : दहातला एकच दुवा स्वतःचा असावा. म्हणजे नऊ वेळा दुसऱ्याचं कौतुक करायचं, मग एकदा आपलं पुढे सरकवायचं. लेखक माणसाला याहून कठोर शिक्षा फर्मावता येणार नाही. मी सहा जणांचं मनापासून कौतुक केलं, सातव्याचं दात-ओठ खाऊन केलं, आणि आठव्याचा लेख माझ्यापेक्षा बरा निघाल्यामुळे संयम सुटून थेट स्वतःचाच दुवा टाकला. अकरा मिनिटांत काढून टाकला गेला. नवऱ्याच्या दोन्ही खात्यांसकट.

तोवर भाच्याचा अहवाल तयार झाला होता. शोधाच्या चौकटीत ‘पंखा’ लिहून तो थांबला, की खाली आपोआप सूचना येत. ‘पंखा हळू फिरतो’, ‘पंखा आवाज करतो’, आणि ‘पंखा स्वप्नात दिसणे’. तिसऱ्यावर मी बोट ठेवलं, कारण तिथे वाङ्मयाला वाव होता. त्याने माझं बोट उचलून दुसऱ्यावर ठेवलं.

इथे मराठीत लिहिणाऱ्याची एक वेगळीच पंचाईत आहे. ‘पंखा’ आपल्यात तसाच हिंदीत, लिपी एकच. नुसतं ‘पंखा आवाज’ म्हटलं की हिंदीचा लोंढा येतो आणि त्यात आपण कुठल्या कुठे वाहून जातो. पण त्याला ‘करतो’ लागलं, पुढे ‘काय करावे’ लागलं, की गर्दी झटक्यात पांगते. शोधणारे कमी, पण उत्तर देणारे त्याहून कमी. या धंद्यात त्याला ‘लाँग टेल’ म्हणतात, म्हणजे लांब शेपूट. आपण शेपटाच्या टोकाला लोंबकळायचं आणि तिथे पहिला नंबर मिळवायचा.

“‘काय करावं’ लिही,” मी म्हटलं. “‘करावे’ पुस्तकी वाटतं.”

“लोक ‘करावे’ टाइप करतात. अनुस्वार शोधत बसायला वेळ नसतो.”

त्या एका अनुस्वारासाठी मी अर्धा तास भांडले आणि हरले. शेवटी प्रश्नचिन्ह तरी राहू दे म्हटलं, तर तेही कुणी टाइप करत नाही. ‘सीलिंग’ की ‘सिलिंग’ की ‘सिलींग’ यावर मात्र मी जिंकले. गूगल असल्या चुका बऱ्याचदा सांभाळून घेतं, आपण मुद्दाम करायची गरज नसते, हे त्यानेच मान्य केलं. एवढ्या युद्धात माझ्या हाती आलेली ही एकच दीर्घ वेलांटी.

आपलं पान शोधात कसं दिसतं ते सांगणारी ‘सर्च कन्सोल’ नावाची गूगलची सोय आहे. नाव बदलण्याआधी ते दाखवत होतं : लेख दिसला ३१२ वेळा, क्लिक २, सरासरी क्रमांक ४७.३. म्हणजे पानाला दहा निकाल धरले तर मी पाचव्या पानावर. एखादी गोष्ट लपवायची असेल तर याहून सुरक्षित जागा नाही. नाव बदलल्यावर महिना-दीड महिन्यात मी ६.८ वर आले. लोक यायला लागले! रोज दोन, कधी पाच. आणि सरासरी नऊ सेकंद थांबून जायला लागले.

नऊ सेकंदांत माझ्या पहिल्या वाक्यातला पहिला अर्धविरामही येत नाही. पण त्यांचं तरी काय चुकलं? मध्यरात्री डोक्यावर पंखा कटकट करतोय, तो माणूस इलाज शोधत येतो, आणि इथे एक बाई त्याला सांगतेय की ही कुरकुर पंख्याची नसून काळाची आहे. माझी झोप उडाली. पंख्यामुळे नव्हे, फसवणुकीच्या भावनेने. लेखाच्या शेवटी खरोखरचा उपाय द्यायचा असं ठरवलं, आणि त्यासाठी आधी तो करून पाहणं आलं.

इतके दिवस नवरा स्टूल घेऊन तयारच होता. मीच त्याला हात लावू देत नव्हते, माझं सगळं लेखन त्या आवाजावर उभं होतं म्हणून. त्याने मेन स्विच बंद केला, पाती पुसली (धूळ कमी-जास्त बसली की तोल जातो), पात्यांचे स्क्रू कसले, छताजवळची सैल झालेली वाटी वर सरकवून घट्ट केली. एक स्क्रू फक्त दीड वेढा ढिला होता. माझं एकाकीपण म्हणजे दीड वेढा. एवढं करूनही आवाज राहिला तर बेअरिंग गेलं समजून मिस्त्रीला बोलवा, हेही त्याने सांगितलं, आणि मी ते सगळं चार ओळींत लेखाखाली लिहिलं. भाच्याने चारही ओळी उचलून सगळ्यात वर नेल्या. आता लोक ४१ सेकंद थांबतात. त्या चार ओळी वाचायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून पाहिलं आहे. बोलायचं काम नाही.

पंखा आता गप्प आहे. अडीच वाजता जाग मात्र येते, आणि मग मी सर्च कन्सोल उघडते.

परवा एक गोष्ट लक्षात आली. वर एकूण क्लिक ६४ दाखवत होते. खाली कुठल्या शब्दांनी किती जण आले त्याचा तक्ता असतो, त्याची बेरीज ६१ होत होती. तीनदा करून पाहिली. सकाळी भाच्याला गाठलं.

“जे शब्द फारच थोड्या लोकांनी टाइप केलेले असतात ते गूगल दाखवत नाही. शोधणाऱ्याची ओळख उघडी पडू नये म्हणून.”

रोज होणाऱ्या शोधांपैकी १५ टक्के त्याआधी कुणी कधीच केलेले नसतात, असं गूगल सांगतं, हे त्यानेच मला पूर्वी ऐकवलं होतं. मी मनात जुळवाजुळव करत गेले. कुणीतरी तीन जण, कधी कुणी न टाइप केलेलं काहीतरी टाइप करून, माझ्यापाशी आले होते. पंखा दुरुस्त करायला आलेले ते नक्की नव्हते. पंखेवाले तक्त्यात आहेत. हे तिघं वेगळे. त्यांनी काय लिहिलं असेल, ‘रात्र’ लिहिलं असेल की ‘उत्तररात्र’, हे मला कधीच कळणार नाही, पण ते चार ओळींच्या खाली उतरले असणार.

“त्यातला एक मी असेन, मावशी,” भाचा म्हणाला. “तुझा लेख कशाकशाने सापडतो बघायला मी काहीबाही टाइप केलं होतं.”

मग दोन. त्याला मी पुढे काही विचारलं नाही, कारण नवरा तिथेच बसला होता आणि काहीतरी सांगायला तोंड उघडत होता.