निबंध आणि करार

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळानं 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. तेव्हापासून मी फोनवर इथल्या, न्यू जर्सीतल्या ‘पीटीआय’चा, म्हणजे अटींवर खटला थांबवण्याच्या सोयीचा विषय काढला की दादा म्हणतो, “म्हणजे निबंधच ना?”

त्याचा संताप मला पटतो. माणसं मेली तिथं सवलतीची भाषाच नको. पण निबंध ही जामिनाची अट होती, आणि मी बोलतोय ते वेगळं आहे.

पीटीआय म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शन. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याचा खटला न्यायाधीशाच्या आदेशानं ठरावीक मुदतीपुरता थांबवतात, फार तर तीन वर्षं. अटी लेखी असतात. पाळल्या तर आरोप रद्द, मोडल्या तर खटला पुन्हा सुरू. ही संधी आयुष्यात एकदाच.

एडिसनमध्ये आमच्या ओळखीच्या घरातल्या मुलानं दुकानातून तीनेकशे डॉलरचे हेडफोन उचलले आणि पकडला गेला. त्याला एक वर्ष मिळालं. दुकानाची भरपाई, समुपदेशन आणि साठ तास समाजसेवा. दर शनिवारी तो गरजूंना धान्य वाटणाऱ्या केंद्रात डब्यांवरच्या तारखा तपासत उभा असायचा, आणि निघताना घड्या पडून मऊ झालेल्या कागदावर तासांची सही घ्यायचा. मी त्याला दोनदा घरी सोडलं. दोन्ही वेळा गाडीत बसल्याबसल्या त्यानं आधी खिसा चाचपून तो कागद आहे ना ते पाहिलं. वर्ष संपलं, आरोप रद्द झाले. गुन्ह्याची कबुली त्याच्याकडून घेतली नव्हती. व्हिसावर राहणाऱ्या मुलाला हे किती मोलाचं, ते इथल्या प्रत्येक आईबापाला कळतं.

सगळं चांगलंच आहे असं नाही. सरकारी वकील नाही म्हणाला तर न्यायाधीश सहसा त्याला डावलत नाही, आणि ज्याला चांगला वकील परवडतो त्याची वाट सोपी होते. म्हणूनच आपल्याकडे असं काही आणायचं तर ते पोलीस ठाण्यात ठरता कामा नये. उघड्या कोर्टात, फिर्यादीचं ऐकून ठरावं.

आपला 1958 चा परिवीक्षा कायदा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणारा, दया दाखवतो, पण दोषी ठरवल्यानंतर. प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षा, 2006 पासून आहे, पण त्यात गुन्हा पदरात घ्यावा लागतो. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र, थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून उपचार घेतले तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही. मग ती तिथंच का अडावी? 2022 च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागला नव्हता असे.

दादाच्याच मुलाचं पाहा. साताऱ्यात कॉलेजात असताना मारामारी झाली, भारतीय दंड संहितेचं 324 कलम लागलं, घातक साधनानं इजा केल्याचं. ज्याला लागलं होतं तो आज त्याचा मित्र आहे. पण हे कलम तडजोडीत बसत नाही, खटला रद्द करून घ्यायला हायकोर्टात जायचा खर्च झेपत नाही आणि साक्षीदार तारखेला येत नाहीत. आठ वर्षं झाली. पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी मागायला तो येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. रजा टाकलीय, म्हणाला.