ट्रॅक कॉपी करून गिटार भरदार होत नाही

आपल्या सोलापूरच्या वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सारखा पुढे ढकलला जातोय: "गिटार एकदाच वाजवा. ट्रॅक (रेकॉर्ड केलेला थर) कॉपी करून एक डावीकडे, एक उजवीकडे टाका. दुसरा २० मिलिसेकंद मागे सरकवा. असे आठ थर लावा, गेन (खरखर वाढवणारा नॉब) वाढवा. मोठ्या स्टुडिओसारखा आवाज येतो, दोनदा वाजवायची गरजच नाही." घरच्या घरी गाणी करणारी पोरं हे खरं मानून चालली आहेत, म्हणून लिहितोय.

आधी कॉपीचं बघू. दोन्ही कानांना तंतोतंत एकच आवाज मिळाला, तर तो मधोमधच ऐकू येतो. डावी-उजवी बाजू तयारच होत नाही, फक्त पातळी वाढते. पटत नसेल तर दोन्ही ट्रॅक मध्ये आणा आणि एकाची फेज उलटी करा, म्हणजे त्याच्या लहरीचे चढ-उतार उलटे करा. पूर्ण शांतता होईल. वेगवेगळे वाजवलेले दोन टेक (रेकॉर्डिंगच्या खेपा) असे एकमेकांना पुसून टाकत नाहीत, कारण प्रत्येक आघाताची वेळ, जोर, तारेवरचा दाब थोडा थोडा वेगळा असतो. आवाजाची रुंदी याच फरकातून येते.

मग २० मिलिसेकंदांचं काय? हेडफोनवर रुंद वाटतं, हे मान्य. पण जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कानाला एकच वाटतात आणि तो आधी पोचलेल्या बाजूने आल्यासारखा भासतो. म्हणजे गिटार एकीकडे झुकते. खरं नुकसान मोनोमध्ये, म्हणजे सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज येतो तेव्हा होतं. दोन्ही बाजू एकत्र आल्या की २५, ७५, १२५, १७५ हर्ट्झ अशा दर ५० हर्ट्झवर आवाज कापला जातो आणि गिटार पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते. लग्नाच्या मांडवात आणि मंडळाच्या स्टेजवर स्पीकर बहुतेक वेळा मोनोच जोडलेले असतात. आपली गाणी वाजतात तिथेच ती बिघडणार!

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "बीटल्सनीही मशिननेच डबल केलं होतं." केलं होतं. १९६६ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओतले इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी ती युक्ती काढली. पण तिच्यात दुसऱ्या टेपचा वेग सतत किंचित कमीजास्त होत राहायचा. एकदा सरकवून तिथेच ठेवलेल्या कॉपीत ते हलणं कुठून येणार?

आठ थरांचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. कॉपी न करता तेच कॉर्ड, त्याच जागी, त्याच खोलीत खरोखर आठदा वाजवले, तरी आघात बोथट होतो आणि खोलीचा घुमाही प्रत्येक थरासोबत साचत जातो. (भिंतीवर सोलापुरी चादर लावली की वरचे सूर थोडे शोषले जातात, खालचा घुमा तसाच राहतो. त्यासाठी कोपरा सोडून बसा.) दोन नीट वाजवलेले थर पुरतात. तिसरा हवाच असेल तर तो वेगळं काहीतरी सांगणारा असावा. पहिला थर साध्या जी कॉर्डचा असेल, तर पुढचा पाचव्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डीच्या आकारात वाजवा. सूर जीचाच, पण तारांची मांडणी वरची. भरदारपणा इथे मिळतो.

गेनचं म्हणाल तर उलट करा: एकटी गिटार वाजवताना ठेवता त्यापेक्षा कमी. डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) वाढलं की आघात आणि त्यामागे विझत जाणारा सूर एकाच पातळीवर येतात. थर वाढले की नुसती खरखर उरते.

राहिली दोनदा वाजवायची "कटकट". मेट्रोनोम लावून स्ट्रमिंग पक्कं असेल तर दुसरा टेक फार वेळ खात नाही. मात्र मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असतो आणि माईकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून पंखाही बंद असतो. गरम होऊन तारा उतरतात, म्हणून प्रत्येक टेकआधी ट्यूनर लावा. आणि मिक्स झालं की मोनोचं बटण दाबून एकदा ऐका. गिटार तिथेही उभी राहिली, तरच फाईल मंडळाला पाठवा.