हवा लागू द्या की त्या गाड्यांना!

डायकास्ट गाड्या म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेल्या, जमवून ठेवायच्या छोट्या गाड्या. त्यांच्याबद्दल गेले दोन-तीन पावसाळे एक मेसेज फिरतोय. 'डायकास्ट गाड्या आयुष्यभर नव्या ठेवा' असं वर ठळक अक्षरांत आणि खाली पाच सूचना. गाडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, हवा लागली की गंज धरतो. डब्यात सिलिका जेलची एक पुडी टाका, मग बघायलाच नको. बुरशी-कसर लागू नये म्हणून दोन डांबरगोळ्या. वर्षातून एकदा खोबरेल तेलाचा हात. आणि एखाद्या गाडीला 'झिंक पेस्ट' (ती काय, ते शेवटी सांगतो) झाली तर लगेच फेकून द्या, नाहीतर शेजारच्या गाड्यांना लागण होते. सगळ्यात शेवटी एक टीप: उन्हात ठेवू नका.

मला तो आतापर्यंत चौघांनी पाठवलाय. त्यातल्या एकाने तो खरोखर अमलात आणला, म्हणून हे लिहायला बसलो. हा मित्र बेळगावजवळच्या खानापूरचा, घर कौलारू, मागे शेत. जून लागला तसं त्याने चाळीसेक गाड्या, सगळ्या १:६४च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या, एकेक करून पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, वरून वर्तमानपत्राचा कागद, आणि सगळं एका मोठ्या झाकणाच्या डब्यात पुठ्ठ्याच्या खोक्यासकट, डांबरगोळ्या टाकून, ठेवून दिलं. गणपतीच्या साफसफाईला डबा उघडला तेव्हा त्याने मला फोटो पाठवले. गाड्या उलट्या करून ठेवलेल्या. खालच्या बाजूच्या उघड्या धातूवर पिठासारखी पांढरी पूड, आसांच्या टोकांना तांबडे ठिपके, आणि सात-आठ गाड्यांच्या काचा धुकं पडल्यागत. खाली एकच ओळ: "ओ, हीच ना ती झिंक पेस्ट? फेकू का?"

आता एकेक मुद्दा घेऊ.

हवा लागली की गंज धरतो, हे लोखंडाच्या हिशोबाने लिहिलंय. डायकास्ट गाडीचं अंग लोखंडाचं नसतं. ते झामॅकचं असतं, म्हणजे जवळजवळ ९५-९६ टक्के जस्त, ४ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम आणि कधी तांबं. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंगच्या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली. आमच्याकडचं काम बिडाचं, पण जस्त काय करतं ते कुठल्याही पत्र्याच्या वखारीत बघायला मिळतं. नवे जस्ती पत्रे पावसात एकावर एक चिकटून पडले की मधल्या पत्र्यांवर पांढरे पट्टे उठतात. सगळ्यात वरचा, उघड्यावर भिजलेला आणि वाळलेला पत्रा मात्र बरा असतो. कारण उघड्या जस्तावर आधी ऑक्साइड, ओलाव्याने हायड्रॉक्साइड, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की कार्बोनेटचा करडा, घट्ट थर बसतो. तोच पुढे जस्ताला राखतो. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी आहे पण हवा खेळत नाही, तिथे हा थर बसतच नाही आणि हायड्रॉक्साइडची पांढरी पूड वाढत राहते. म्हणून जाणता वखारवाला पत्रे तिरके ठेवतो आणि मधे रिपा घालतो.

खानापूरच्या डब्यात नेमकं हेच झालं. अंगाला चिकटलेलं प्लॅस्टिक म्हणजे दुसरा पत्रा.

यावर कोणी म्हणेल, डब्यातल्या हवेत पाणी असून असून किती असणार? बरोबर आहे, फारच थोडं. २५ अंशांना ९० टक्के आर्द्रतेच्या एक लीटर हवेत साधारण २० मिलिग्रॅम. पण त्या डब्यात हवा एकटी नव्हती. भर जूनमधला पुठ्ठा आणि वर्तमानपत्राचा कागद होता. दमट हवेत पुठ्ठा आपल्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी धरून बसतो, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या खोक्यात वीसेक ग्रॅम पाणी सहज. आणि ९० टक्क्यांवरची हवा रात्री दोन-तीन अंशांनी जरी गार झाली तरी दव धरते. कौलांखाली पहाटे तेवढा फरक रोजचाच.

मेसेजवाला इथे म्हणेल, म्हणून तर पुडी टाकायला सांगितली. बुटांच्या खोक्यात येणारी ती पुडी बघा, दोन-तीन ग्रॅमची, मोठी असली तर पाचाची. सिलिका जेल जास्तीत जास्त आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी घेतं. पाच ग्रॅमने दीड-पावणेदोन ग्रॅम घेतलं, समोर वीस ग्रॅम उभं. वर ती पुडी आपल्या हातात येईपर्यंत बहुतेक वेळा आधीच भरलेली असते, आणि भरलेली पुडी ऊन चढलं की घेतलेलं पाणी परत सोडायला लागते. जेल वापरायचंच असेल तर मोठ्या डब्याला पाव किलोच्या खाली जाऊ नका. रंग बदलणारे दाणे घ्या, नारिंगीचे हिरवे होणारे. निळ्याचे गुलाबी होणारे नको, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि घरात लहान मुलं असतात. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात.

आणि मोजा हो. तीन-चारशे रुपयांत डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर, मिळतो. तो खोटं बोलतोय का ते घरीच कळतं: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत आठ तास बंद ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. ८० दाखवलं तर पुढे नेहमी पाच वजा करा. हे मी एवढ्या आग्रहाने सांगतो कारण आपल्या भागात एकच सल्ला सगळ्यांना चालत नाही. अथणीकडे पाऊसच बेताचा, तिथे साधं काचेचं कपाट पुरतं. निपाणीतही आठ महिने काळजी नाही. बेळगावात माझ्या शहापूरच्या घरी जुलै-ऑगस्टमध्ये आकडा नव्वदीला टेकतो. जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका. आणि कारवारला समुद्रावरचा खारा वारा, मीठ बसलेलं जस्त ओल आली की आणखी वेगाने बिघडतं. गाड्यांना पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रतेच्या आत ठेवलं की बास.

बंद करायलाच माझा विरोध आहे असं नाही. मी स्वतः जून ते सप्टेंबर कपाट बंद ठेवतो. पण मेमधल्या कोरड्या दिवसांत सगळं उघडं टाकून, वाळवून, मग. आत कागद-पुठ्ठा नाही, भरपूर जेल, आणि दसऱ्याला दारं सताड उघडी. बाकीचे आठ महिने दाराच्या वर-खाली बोटभर फट असते. कपाट पावसाच्या अंगाच्या भिंतीला लावलेलं नाही. दिवाणखान्यातली शोभेची जागा त्यापायी गेली, आणि तो विषय घरात अजून मिटलेला नाही.

हवाबंद करण्याचा आणखी एक तोटा मेसेजवाल्याच्या गावीही नाही. गाडीबरोबर आत काय कोंडलं जातं? नवं प्लायवुड, एमडीएफ आणि त्यातले गोंद ॲसिटिक, फॉर्मिक आम्लांच्या वाफा सोडतात, त्या जस्ताला खातात. काचेचा शोकेस करून घेताना सुतार कडांना जे सिलिकॉन भरतो, त्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर तेही ॲसिटिक आम्लच. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन आठवडे, शोकेस रिकामा उघडा ठेवा. सुतार म्हणेल उद्या भरा. भरू नका.

टायरही आलेच. मऊ पीव्हीसीच्या टायरमधला प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, बाहेर झिरपतो आणि खाली पॉलिस्टायरीनचा तळ असेल तर त्याला मऊ करतो, मग टायर त्यातच रुतून बसतो. १:१८ची गाडी चार वर्षांनी उचलली आणि चार खळगे मागे राहिले, असं झालेलं असेल तर ते यामुळेच. गाडीच्या पोटाखाली छोटा ठोकळा ठेवा, चाकं अधांतरी राहू देत. बबलरॅपही अंगाला लावू नका, त्याचे गोल रंगावर उमटतात. मी लहान गाड्यांना कुंद्याच्या मिठाईचे रिकामे डबे वापरतो, धुऊन, खडखडीत वाळवून. डब्याला तुपाचा वास राहिला तर गाडीचं काही बिघडत नाही, पण मुंग्या येतात.

डांबरगोळ्यांबद्दल दोनच वाक्यं. त्या नॅप्थलिनच्या असोत की पॅराडायक्लोरोबेंझिनच्या, दोन्हींच्या वाफा पॉलिस्टायरीन मऊ करतात, आणि गाड्यांच्या काचा, दिवे बऱ्याचदा त्याच प्लॅस्टिकचे असतात. मित्राच्या गाड्यांच्या काचांवरचं धुकं ते हेच, आणि ते पुसून जात नाही.

खोबरेल तेल डोक्याला लावा. गाडीवर ते धूळ धरतं, काही महिन्यांनी खवट होतं, कडांच्या खाचांत काळा मळ होऊन बसतं. मऊ मेकअप ब्रशने धूळ झटकली की झालं.

उन्हाची टीप बरोबर आहे, तेवढं श्रेय देतो. फक्त खिडकीच्या काचेमागे ठेवलं म्हणजे वाचलं असं समजू नका. साधी काच अतिनील किरणांतला मोठा भाग आत सोडते.

राहिली ती 'पेस्ट'. मूळ शब्द पेस्ट म्हणजे कीड, टूथपेस्टमधली पेस्ट नव्हे. एकाने मला ती कुठल्या दुकानात मिळते असं विचारलं होतं. ही कीड बाहेरून येत नाही, ती ओतकामातूनच येते. वितळलेल्या जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियम मिसळलं गेलं की धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत क्षरण सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, डिंकी या ब्रिटिश कंपनीच्या कित्येक गाड्या अशाच गेल्या. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९मध्ये झामॅक आणलं ते अतिशुद्ध जस्त वापरून. आजच्या मानकात शिसं ०.००५ टक्क्यांच्या आत लागतं, आणि चिमूटभर मॅग्नेशियम घालतात तेही या किडीला आवर म्हणूनच. भट्टीवर भंगार टाकताना कोणी डोळेझाक केली तर काय होतं ते आमच्या धंद्यात नव्याने सांगावं लागत नाही.

पांढरी पूड आणि कीड यांत फरक करायला भिंगही लागत नाही. पूड वरवरची असते. कोरड्या टूथब्रशने निघते, खाली धातू शाबूत. किडीत धातूच फुगतो. रंगाखाली केसाएवढ्या भेगांचं जाळं, तळ पापडासारखा वाकलेला, कोपरा दाबला तर बिस्किटासारखा तुटतो. ओल आणि उष्णता तिचा वेग वाढवतात, पण शुद्ध जस्ताच्या गाडीला ती शेजारधर्माने लागत नाही. तिच्यावर इलाजही नाही. खानापूरच्या चाळीस गाड्यांत कीड एकीलाही नव्हती. सगळ्या घासून परत फळीवर गेल्या, आठ धुकट काचांच्या तेवढ्या तशाच.

माझ्याकडे एक किडकी आहे. जुन्या बाजारात घेतलेली, १:४३ची निळी सलून मोटार, कंपनी सांगत नाही. २०१४मध्ये आणली तेव्हा तिचं डावं दार उघडत होतं. तीन वर्षांनी ते घासायला लागलं, आता दार आणि चौकट फुगून एक झालीत, नखही शिरत नाही. एवढी वर्षं ती त्याच फळीवर आहे. तिच्या डाव्या-उजव्या अंगाच्या दोघींची दारं परवाच उघडून बघितली, टकटक उघडतात.