लेख संपल्यानंतरचे काम

मागच्या जुलैत मी 14 दिवस एक वही टेबलावर ठेवली आणि कोणत्या कामाला किती वेळ जातो याची नोंद केली. तोपर्यंत 2 संकेतस्थळांवरील सदरे, एका संस्थेच्या पानासाठी रोजचा मजकूर, स्वतःचे फेसबुकवरील लेखन आणि दिवाळी अंकांसाठी कबूल केलेले 5 लेख एवढे सगळे मी अंगावर घेतले होते आणि रात्री 1 वाजता दिवा मालवतानाही काहीतरी राहिलेलेच असे. मी सावकाश लिहिते म्हणून काम साचते, अशी माझी पक्की समजूत होती. वहीतून निघाले ते वेगळेच. साधारण 900 शब्दांचा लेख लिहायला मला 3 तास लागत होते आणि तो लिहून झाल्यावर त्याच्या मागेपुढे करण्यात जवळजवळ 4 तास जात होते.

हे मागेपुढे करणे म्हणजे काय, ते ऑनलाइन लिहिणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. एकाच लेखाची फेसबुकसाठी एक आवृत्ती, इन्स्टाग्रामसाठी 8 चौकटींत तोडलेली दुसरी, व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी तारांकित ठळक अक्षरांची तिसरी, त्यावर चित्र, चित्रावर वाक्य, त्या वाक्यातले शुद्धलेखन पुन्हा तपासणे, आणि हे सारे झाल्यावर दर अर्ध्या तासाने कोणी काय लिहिले आहे ते पाहायला जाणे. यातले काहीही लेखन नव्हे. तरीही थकवा येतो तो लेखनाच्या नावावर जमा होतो आणि मग आपण लेखनच आवरते घेतो, हे मला सर्वांत चुकीचे वाटते.

कामाचा भार हलका करण्याचे जे सल्ले मिळतात ते जवळजवळ सगळे वेग वाढवण्याचे असतात. 25 मिनिटे काम आणि 5 मिनिटे विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पद्धत मी महिनाभर पाळली. मला ती विषय जमवण्याच्या टप्प्यावर उपयोगी पडली, परिच्छेद रंगात आला असताना मात्र गजराचा रागच आला. बोलून टंकलेखन करणेही करून पाहिले. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने मुद्दे टिपायला ते उत्तम आहे, पण बोललेला मजकूर नंतर लिखित मराठीत आणण्याला जो वेळ लागतो तो धरला तर बचत फारशी उरत नाही. शिवाय 3 तासांचे अडीच करून 4 तासांचा प्रश्न सुटत नाही. म्हणून मी लेखनाच्या वेळेला हात न लावता त्यानंतरच्या वेळेला कात्री लावायचे ठरवले.

पहिली कात्री फॉन्टच्या रूपांतराला लागली. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वा फोनवर तसाच वाचता येणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत लिहिते. काही छापील अंकांचे काम अजून जुन्या फॉन्टवर चालते, आणि 'आमच्या फॉन्टमध्ये करून पाठवा' ही विनंती इतक्या सौजन्याने येते की आपण ते आपलेच काम समजतो. वास्तविक तो जिकिरीचा व्यवहार आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट. युनिकोडमध्ये अर्धा र आधी येतो आणि जुन्या फॉन्टमध्ये त्याची खूण अक्षराच्या नंतर. त्यामुळे रूपांतर करणारी प्रणाली कितीही चांगली असली तरी घोटाळे व्हायचे ते बहुधा वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांच्यातच होतात, आणि अख्खा लेख अक्षर अक्षर पुन्हा वाचावा लागतो. माझा यात दर लेखामागे सव्वा तास जात होता आणि त्याचे मानधन कोणीच देत नव्हते.

एका संपादकांना मी फोनवर स्पष्ट सांगितले की मजकूर युनिकोडमध्येच देईन.

"अहो मॅडम, आमचे अक्षरजुळणी करणारे गृहस्थ जुन्याच फॉन्टवर काम करतात."

"मग रूपांतर त्यांच्याकडूनच करून घ्या. शेवटचे मुद्रित मला पाठवा, मी ते त्याच दिवशी वाचून देते."

ते कबूल झाले. दुसऱ्या एका अंकाकडून मात्र त्यानंतर निमंत्रण आले नाही. त्याचे थोडे वाईट वाटले, नाही असे नाही.

दुसरा मोठा भार दिनविशेषांचा होता. रोज कोणाची तरी जयंती, कोणाची तरी पुण्यतिथी, आणि रोज नवा मजकूर. या प्रकारातला अपव्यय मला 16 एप्रिलमुळे कळला. ठाण्यात राहून लिहिणाऱ्याला ही तारीख चुकवता येत नाही. 1853 साली त्या दिवशी बोरीबंदरहून निघालेली 14 डब्यांची आगगाडी साहिब, सिंध आणि सुलतान या 3 इंजिनांनी 34 किलोमीटर ओढत आमच्या गावी आणली. या विषयावर मी 6 वर्षे दर एप्रिलमध्ये नवा लेख लिहिला. दर वर्षी सुरुवात वेगळी, शेवट वेगळा, आणि दर वर्षी 'भारतातली पहिली रेल्वे' असे लिहिल्याबद्दल कोणीतरी हटकणार की मद्रासजवळच्या रेड हिल रेल्वेवर 1837 सालीच मालवाहतूक सुरू झाली होती. हटकणाऱ्यांचे बरोबर होते. ठाण्याची गाडी ही पहिली प्रवासी गाडी होय, पहिली रेल्वे नव्हे. पण तेच उत्तर मी 6 वर्षांत कितीदा टंकले असेल ते आठवून आता स्वतःचेच आश्चर्य वाटते.

अखेर सातव्या वर्षी 2 दिवस ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसले. ही संस्था 1893 सालची, आणि असे संदर्भ तिथे शांतपणे, एका जागी पाहता येतात. त्यातून एकच लेख नीट लिहिला, त्यात रेड हिलचा उल्लेख घातला, तारखा आणि आकडे दोनदा पडताळले आणि तो कायमचा ठेवून दिला. आता दर 16 एप्रिलला तोच लेख, काही नवे कळले असल्यास एखाददुसऱ्या वाक्याची भर घालून, पुन्हा देते. एका वाचकाने 'मागच्या वर्षीचाच आहे' असे लिहिले. होय, मागच्या वर्षीचाच आहे, आणि मागच्या वर्षीपेक्षा तो थोडा अधिक बरोबर आहे. संस्थेच्या पानासाठीही मी हाच मार्ग सुचवला. रोजच्या मजकुराऐवजी आठवड्याला 2 लेख, प्रत्येक पुढच्या वर्षी वापरता येईल असा. मानधन कमी झाले, पण आठवड्याचे 4 दिवस मोकळे झाले.

जुने लेखन पुन्हा वापरण्याबद्दल अनेकांच्या मनात धास्ती असते, म्हणून एक गोष्ट सांगते. कॉपीराइट कायदा, 1957 याच्या कलम 17 प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन आणि असे काही अपवाद सोडल्यास, लेखक हाच पहिला हक्कदार असतो. कलम 19 प्रमाणे हे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी करार आणि सही लागते, आणि त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षांची धरली जाते. म्हणजे नुसत्या फोनवर ठरलेल्या लेखाचे हक्क आपण गमावलेले नसतात. मात्र सही केलेली असेल तर तो कागद आधी बाहेर काढून वाचावा. माझ्याकडचे असे कागद 3 वेगवेगळ्या फायलींत सापडले, आणि एक तर विजेच्या बिलांत.

उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. इन्स्टाग्रामच्या चौकटी बंद केल्या. बिले महिन्याच्या 1 तारखेला एकदम पाठवते. प्रतिक्रियांना सकाळी एकदाच बसून उत्तरे देते, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा शांतपणे लिहिली जातात. व्हॉट्सॲपची आवृत्ती सोडवत नाही. माझे अर्धे वाचक, त्यात आईच्या नौपाड्यातल्या सगळ्या मैत्रिणी, तिथेच आहेत.

यंदा दिवाळी अंकांसाठी 2 च नवे लेख कबूल केले आहेत. तिसऱ्या संपादकांनी फार आग्रह केला तेव्हा त्यांना 8 वर्षांपूर्वीचा एक लेख, पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख करून, पाठवला. त्यांनी तो घेतला आणि मानधन निम्मे देऊ असे कळवले. मी होकार दिला, कारण या वेळी त्या लेखावर माझी फक्त 40 मिनिटे गेली होती.