‘भौतिकशास्त्राला तत्त्वज्ञानाची गरज नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

एक दावा पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं सार असं: विज्ञान लहान होतं तोवर तत्त्वज्ञानाचं ठीक होतं, आता विश्वाबद्दलचे प्रश्न भौतिकशास्त्र सोडवतं, निकाल प्रयोग देतो, आणि तत्त्वज्ञ काठावर बसून शब्दांचा कीस पाडतात. पुरावा म्हणून स्टीफन हॉकिंग यांचं ‘तत्त्वज्ञान मेलं आहे’ हे वाक्य दिलं जातं आणि शेवटी उपदेश येतो: ‘गप्प बसा आणि गणित करा.’

दावा कणखर वाटतो, कारण त्यात थोडं सत्य मिसळलेलं आहे. पण भौतिकशास्त्र प्रत्यक्षात कसं पुढे सरकलं, याच्याशी तो जुळत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘हॉकिंग म्हणाले, विषय संपला’

ते वाक्य २०१० साली लिओनार्ड म्लोडिनोव यांच्यासह लिहिलेल्या ‘द ग्रँड डिझाइन’च्या सुरुवातीलाच आहे. त्याच पुस्तकात लेखक आपली एक भूमिका मांडतात: दोन प्रतिमानं (मॉडेल्स) निरीक्षणांशी सारखीच जुळत असतील, तर त्यांतलं ‘खरं’ कोणतं हे विचारण्यात अर्थ नाही, सोयीचं असेल ते वापरावं. ही भूमिका बरोबर की चूक, हे कोणतीही दुर्बीण किंवा कणत्वरक सांगू शकणार नाही. ते तत्त्वज्ञानातलं विधान आहे. तेव्हा मूळ वाक्य पुरावा म्हणून चालत नाही. तितकाच कुचकामी पुरावा दुसऱ्या बाजूनेही दिला जातो, की न्यूटन यांच्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातच ‘नैसर्गिक तत्त्वज्ञान’ आहे. त्या काळी निसर्गाच्या अभ्यासालाच तो शब्द होता. त्यावरून आज काही सिद्ध होत नाही.

‘मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांना तत्त्वज्ञान कधी लागलंच नाही’

आइन्स्टाइन १९०२ पासून बर्नमध्ये सोलोविन आणि हाबिश्ट या मित्रांबरोबर ह्यूम, माख, प्वांकारे या विचारवंतांची पुस्तकं वाचत होते. डिसेंबर १९१५ मध्ये तत्त्वज्ञ मोरित्झ श्लिक यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की ह्यूम आपण सापेक्षता सापडण्याच्या थोडं आधी मन लावून वाचले, आणि त्या अभ्यासाशिवाय उत्तर सापडलं नसतं हे अगदी शक्य आहे. पत्रातला हा मजकूर कुणी सौजन्य म्हणून बाजूला ठेवेल, म्हणून सापेक्षता मांडणारा १९०५ चा निबंधच उघडू.

त्याच्या पहिल्या भागात जवळजवळ गणितच नाही. ‘गाडी इथे ७ वाजता येते’ या वाक्याचा अर्थ काय, असा प्रश्न आहे. अर्थ एवढाच, की माझ्या घड्याळाचा छोटा काटा ७ वर येणं आणि गाडी येणं या घटना एकाच वेळी घडतात. घड्याळाजवळच्या घटनेला हे पुरतं. लांबच्या घटनेचं काय? त्यासाठी आइन्स्टाइन एक कृती देतात. अ या ठिकाणाहून प्रकाश सोडायचा, ब वरच्या आरशावरून तो परत अ कडे येऊ द्यायचा, आणि जायला लागलेला वेळ यायला लागलेल्या वेळाइतकाच आहे असं मानून ब चं घड्याळ लावायचं. हे ‘मानणं’ व्याख्या आहे, असं ते स्वच्छ लिहितात. दुसरा मार्गही नाही: जाण्याचा वेळ स्वतंत्रपणे मोजायचा तर ब चं घड्याळ आधीच जुळलेलं हवं, आणि ते जुळवायला जाण्याचा वेळ आधी माहीत हवा.

भौतिकशास्त्रज्ञ लोरेन्झ यांच्याकडे १९०४ मध्येच रूपांतराची समीकरणं (एका निरीक्षकाची मोजमापं, त्याच्या सापेक्ष सरकणाऱ्या दुसऱ्याच्या मोजमापांत बदलणारी) जवळपास तयार होती. त्यांतल्या ‘स्थानिक काळा’ला ते गणिती सोय समजत. आइन्स्टाइननी मुख्यतः समीकरणातल्या त्या काळाचा अर्थ बदलला. ‘काळ मोजणं म्हणजे आपण नेमकं काय करतो’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तो बदल होणारा नव्हता.

‘शेवटी प्रयोगच निकाल देतो’

प्रयोगाशिवाय भौतिकशास्त्र नाही, यावर वाद नाही. वाद आहे तो ‘प्रयोगच’ यातल्या ‘च’वर.

वॉल्टर काउफमान यांनी रेडियमच्या कणातून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन समांतर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांतून नेऊन फोटोच्या काचेवर उमटणारी वक्ररेषा मोजली. वेगाबरोबर इलेक्ट्रॉनचं वस्तुमान कसं वाढतं, हे त्या रेषेवरून काढता येतं. १९०६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मोजमापं लोरेन्झ आणि आइन्स्टाइन यांच्या सूत्राशी जुळत नाहीत. ‘प्रयोगच निकाल देतो’ हा नियम पाळायचा, तर सापेक्षता वर्षभरातच संपली होती. लोरेन्झ खरोखरच हताश झाले. आइन्स्टाइननी १९०७ मध्ये फरक मान्य केला, पण प्रतिस्पर्धी सिद्धांत फक्त इलेक्ट्रॉनपुरते बेतलेले आहेत आणि घटनांच्या मोठ्या पसाऱ्याला कवेत घेत नाहीत, म्हणून ते खरे असणं कमी संभवतं, अशी भूमिका घेतली. प्लांक यांनी आकडे पुन्हा तपासले आणि उपकरणात उरलेल्या वायूच्या आयनीभवनामुळे विद्युत क्षेत्र बिघडलं असण्याची शक्यता दाखवली. १९०८ मध्ये बुखेरर यांचे प्रयोग सापेक्षतेच्या बाजूने आले.

म्हणजे कोणता आकडा मानायचा, कोणत्या आकड्यावर संशय घ्यायचा, हे आकडा स्वतः सांगत नाही. पिएर दुहेम यांनी (ते स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते) हे १९०६ मध्येच सविस्तर मांडलं होतं: प्रयोगात एकटा सिद्धांत तपासला जात नाही, उपकरणाबद्दलची, परिस्थितीबद्दलची गृहीतकं धरून सगळी मोळीच तपासली जाते. भाकीत चुकलं तर मोळीत काहीतरी सडकं आहे एवढंच कळतं.

म्हणूनच ‘भाकीत चुकलं की सिद्धांत टाकून द्या’ हे सुटसुटीत सूत्रही पुरत नाही. युरेनसची कक्षा न्यूटनच्या हिशोबाशी जुळेना, तेव्हा ल व्हेरिए यांनी सिद्धांत सोडला नाही, एक अज्ञात ग्रह मानला. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गाले यांना सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेचं वळण शतकामागे सुमारे ४३ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) जास्त भरत होतं. त्यावरही ल व्हेरिए यांनी तोच उपाय केला, सूर्याजवळ आणखी वस्तुमान मानलं. ते कधीच सापडलं नाही. तिथे सिद्धांतच बदलावा लागला, १९१५ मध्ये, आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेने. एकच युक्ती एकदा साधली, एकदा फसली. आधी कळण्याचा कोणताही यांत्रिक नियम नव्हता.

‘गप्प बसा आणि गणित करा’

हे वाक्य फाइनमन यांच्या नावावर खपवलं जातं. छापील रूपात ते १९८९ मध्ये डेव्हिड मर्मिन यांनी वापरलं. पण वाक्य कुणाचं यापेक्षा त्या सल्ल्याची किंमत किती पडली, हे महत्त्वाचं आहे.

१९३२ मध्ये योहान फॉन नॉयमान यांनी सिद्धता दिली, की क्वांटम मेकॅनिक्समागे (अणू-इलेक्ट्रॉनच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्रामागे) मोजण्यांची उत्तरं आधीच ठरवणारे छुपे घटक असूच शकत नाहीत. नाव इतकं मोठं, की पुढची तीस वर्षं बहुतेकांनी प्रश्न मिटला असं मानलं. पण १९३५ मध्येच ग्रेटे हर्मान यांनी त्यातली कच्ची जागा दाखवली होती. गणितात एमी नोएदर यांच्या विद्यार्थिनी असलेल्या हर्मान तत्त्वज्ञ होत्या. कार्यकारणभाव खरोखरच मोडला आहे का, हा कान्टच्या परंपरेतला प्रश्न त्यांना पडला होता, म्हणून त्या सिद्धतेतलं प्रत्येक गृहीतक तपासत होत्या.

कच्ची जागा अशी. दोन राशींच्या बेरजेचं सरासरी मूल्य हे त्यांच्या सरासरींच्या बेरजेइतकं असतं, हे क्वांटम मेकॅनिक्समध्ये खरं आहे. फॉन नॉयमान यांनी हीच अट छुप्या घटकांनी ठरवलेल्या अवस्थांनाही लावली, जिथे सरासरी उरतच नाही आणि प्रत्येक राशीला एकच ठाम मूल्य असतं. एकाच इलेक्ट्रॉनचा आडव्या आणि उभ्या दिशेचा स्पिन (फिरकीसारखा अंगभूत गुण) घ्या. योग्य एककात प्रत्येकाचं उत्तर +१ किंवा −१. त्यांची बेरीज ही तिसरी राशी, ती तिरप्या दिशेला मोजावी लागते आणि तिचं उत्तर येतं +१.४१४ किंवा −१.४१४. आता +१ आणि −१ यांची कशीही बेरीज करा, −२, ० किंवा २ येईल, १.४१४ कधीच येणार नाही. म्हणजे ही अट घातली की छुपे घटक तिथेच बाद होतात, आणि अट घालायला कारण मात्र काहीच दिलेलं नाही. गणित निर्दोष होतं. ते जे सिद्ध करतं असं समजलं गेलं, तेवढं ते सिद्ध करत नव्हतं.

हर्मान यांच्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष दिलं नाही. १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी छुप्या घटकांचा चालणारा सिद्धांतच उभा केला, म्हणजे ‘अशक्य’ गोष्ट प्रत्यक्षात करून दाखवली. जॉन बेल यांनी तोच दोष स्वतंत्रपणे शोधून १९६६ मध्ये छापला. मधली वर्षं गप्प बसून गणित करण्यात गेली होती.

बोमचा सिद्धांत पाहून बेल यांना पुढचा प्रश्न पडला: त्यात दूरच्या कणांचा एकमेकांवर तत्काळ परिणाम होतो, तो टाळता येईल का? उत्तर, १९६६ च्या त्या छापील लेखाच्याही आधी, १९६४ मध्ये आलं: क्वांटम मेकॅनिक्सची भाकितं खरी असतील, तर नाही. त्याचं प्रयोगशाळेत वापरता येईल असं रूप १९६९ मध्ये क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी दिलं. यातल्या ॲबनर शिमोनी यांची आधीची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, दुसरी भौतिकशास्त्रातली.

युक्तिवाद शाळेच्या बीजगणितात मावतो. जुळ्या फोटॉनांपैकी एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडे क किंवा ख मोजायचं, उजवीकडे ग किंवा घ; प्रत्येक उत्तर +१ किंवा −१. समजा सगळी उत्तरं आधीच ठरलेली आहेत आणि इकडच्या निवडीचा तिकडच्या उत्तरावर परिणाम होत नाही. मग कग + कघ + खग − खघ ही राशी घ्या. ती म्हणजे क(ग + घ) + ख(ग − घ). ग आणि घ सारखे असतील तर दुसरा कंस शून्य, विरुद्ध असतील तर पहिला. उरलेला कंस +२ किंवा −२. म्हणून सरासरी −२ ते +२ च्या बाहेर जाऊच शकत नाही. हीच बेल यांची असमानता. ध्रुवणपट्ट्यांचे (ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाशच जाऊ देणाऱ्या पट्ट्यांचे) कोन क ४५°, ख ०°, ग २२.५° आणि घ ६७.५° ठेवले, तर क्वांटम मेकॅनिक्सचं भाकीत २.८३ येतं.

प्रयोगात दोन गोष्टी बिघडतात. बरेचसे फोटॉन निसटले, तर पकडलेले फोटॉन प्रातिनिधिक आहेत का, ही शंका राहते. आणि पट्ट्या आधीपासून एकाच कोनात ठेवल्या, तर एका बाजूची खबर दुसरीकडे पोहोचायला वेळ मिळतो. १९७२ मध्ये फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी पहिलं मोजमाप केलं. १९८२ मध्ये आस्पे यांच्या गटाने मोजणी साधारण दर १० नॅनोसेकंदांनी (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) बदलत ठेवली, कारण मधले १२ मीटर कापायला प्रकाशाला ४० नॅनोसेकंद लागतात. २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन वापरून दोन्ही पळवाटा एकदम बंद केल्या. २४५ फेऱ्यांत आकडा आला २.४२, म्हणजे २ च्या मर्यादेबाहेर. क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९९१ मध्ये, आर्तुर एकर्ट यांनी याच असमानतेवर गुप्त किल्ली वाटण्याची पद्धत बेतली होती. ज्या प्रश्नाला ‘निव्वळ गप्पा’ म्हटलं गेलं, त्याचं हे पीक आहे.

‘क्वांटम मेकॅनिक्सच्या सगळ्या अन्वयार्थांचे आकडे सारखेच’ हेही पूर्ण खरं नाही. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांच्या १९८६ च्या प्रस्तावात प्रत्येक कणाची अनेक शक्यतांत पसरलेली तरंगावस्था आपोआप कोसळते (एकाच शक्यतेवर येते), सेकंदामागे १०⁻¹⁶ या दराने, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांतून एकदा. १०²³ कणांच्या वस्तूत मात्र हेच सेकंदाला सुमारे १ कोटी वेळा घडतं. म्हणून इलेक्ट्रॉन दोन अवस्थांत राहतो, टेबल राहत नाही. अशा कोसळण्याच्या सिद्धांतांत विद्युतभारित कणांनी किंचित प्रारण सोडायला हवं. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत ते शोधून पाहिलं आहे, आणि गुरुत्वाकर्षणामुळे कोसळणं मानणाऱ्या प्रतिमानाचं सर्वांत साधं रूप त्यातून बाद झालं.

‘तत्त्वज्ञांनी नुकसानच केलं’

इथे दाव्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. युक्लिडची भूमिती अवकाशाला लागू असणं अटळ आहे, हे कान्ट यांचं म्हणणं टिकलं नाही. तत्त्वज्ञ बर्गसाँ १९२२ मध्ये सापेक्षतेतल्या जुळ्यांच्या वयाच्या फरकाबाबत (वेगाने प्रवास करून परतलेला जुळा कमी वयाचा राहतो) चुकले. माख यांनी अणूंचं अस्तित्व मानायला दीर्घकाळ नकार दिला, केवळ ते दिसत नाहीत म्हणून. पेराँ यांच्या प्रयोगांनंतर ओस्टवाल्डसारखे विरोधक १९०९ पर्यंत वळले. ज्या माख यांनी निरपेक्ष काळावर केलेल्या टीकेने आइन्स्टाइनना वाट दाखवली, त्यांचाच ‘जे अनुभवता येत नाही ते मानू नका’ हा निकष अणूंच्या आड आला. कारण उघड आहे: पहिल्या वेळी तो निकष गृहीतक उकरून काढायला वापरला गेला, दुसऱ्या वेळी निसर्गात काय असू शकतं याचा निवाडा द्यायला. दुसरं काम तत्त्वज्ञानाचं नव्हे.

‘ते सगळं इतिहासजमा, आता काही उरलेलं नाही’

उरलेलं आहे, आणि ते विश्वशास्त्राच्या ऐन मध्यावर आहे. काही प्रतिमानांत विश्वाचा फुगवटा (सुरुवातीचं अतिवेगवान प्रसरण) कधीच पूर्ण थांबत नाही आणि अगणित विश्वखंड तयार होत राहतात. भाकीत करायचं तर विचारावं लागतं, की आपल्यासारख्या निरीक्षकांपैकी कितीजणांना अमुक मूल्य दिसेल. पण अंश अनंत, छेदही अनंत. म्हणून कुठेतरी मर्यादा घालून मोजावं लागतं, आणि उत्तर ती मर्यादा कशी घातली त्यावर बदलतं. ठरावीक काळापर्यंत मोजण्याची सर्वांत सरळ पद्धत घेतली, तर नवे खंड घातांकी वेगाने वाढत असल्याने तरुण खंडच प्रचंड बहुसंख्य ठरतात, आणि आपण सुमारे १,३८० कोटी वर्षांच्या विश्वात असणं जवळपास अशक्य ठरतं. ती पद्धत सोडून द्यायची, तर दुसरी कोणत्या आधारावर निवडायची? ‘आपल्यासारखा निरीक्षक’ म्हणजे कोण, आणि आपण त्यांच्यातले सामान्य आहोत असं धरायला काय कारण, हे ठरेपर्यंत समीकरणात घालायला आकडाच नसतो.