ब्रोशरमधला टॉर्क आणि घाटातला टॉर्क

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती, मुद्देसूद होती आणि मधूनमधून खवटही होती. दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात की पळ काढला. म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की वळणावळणाच्या रस्त्यावर, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावलेल्या दमदार गाडीपेक्षा वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) फुलणारं एनए इंजिन, म्हणजे टर्बोविना स्वतःच्या श्वासावर चालणारं इंजिन, चालवणाऱ्याच्या जास्त कह्यात असतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: बीएमडब्ल्यूच्या जुन्या व्ही8 एम3 मध्ये 400 न्यूटनमीटर टॉर्क (इंजिनाची फिरवणारी ओढ), नंतरच्या टर्बो एम3 मध्ये 550, विषय संपला. लॅग, म्हणजे पाय दिल्यापासून टर्बोची ताकद येईपर्यंतचा उशीर, वगैरे 1980 च्या गाड्यांतल्या गोष्टी, तुमच्या स्कोडा ऑक्टाविया आरएसला 1500 आरपीएमलाच सगळा टॉर्क हजर असतो. 9000 आरपीएम रस्त्यावर वापरायला मिळतात कुठे? आणि शेवटी, 'तुम्हाला आवाज आवडतो आणि जुने दिवस आठवतात, एवढंच खरं.'

शेवटच्या टोमण्याचं आधी उरकतो. आवाज आवडतो, आवडणारच. पण मागच्या लेखात आवाजावर एकच वाक्य होतं आणि आजही त्याहून जास्त लिहिणार नाही.

आता 1500 आरपीएमचं बघू. तुमच्या गाडीचा आकडा बरोबर आहे: 350 न्यूटनमीटर, 1500 पासून 4600 पर्यंत सपाट. पण हा आकडा काढतात कसा? इंजिन टेस्ट बेंचवर बसवतात, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतात, आरपीएम एका जागी धरून ठेवतात आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, स्थिरावला की नोंद करतात. म्हणजे टर्बोला पुरेसा वेळ दिल्यावर तो काय देतो, हे त्या आलेखात दिसतं. वेळ किती दिला, ते त्यात कुठेच नसतं. आलेखाच्या आडव्या रेषेवर आरपीएम असतात, सेकंद नसतात.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे बूस्ट थ्रेशोल्ड: अमुक आरपीएमच्या खाली टर्बाइन जोरात फिरवण्याइतका एक्झॉस्ट वायूच नसतो, तिथे कितीही वाट बघितली तरी दाब येत नाही. हा थ्रेशोल्ड गेल्या तीसचाळीस वर्षांत खूपच खाली आला आणि तुम्ही ज्याला 'लॅग गेला' म्हणता ते बहुतेक हेच. दुसरी म्हणजे खरा लॅग: आरपीएम पुरेसे आहेत, पण पाय काढलेला होता, टर्बो मंदावला, आता पाय दाबल्यावर तो पुन्हा वेग घेईपर्यंत गेलेला वेळ. हासुद्धा कमी झालाय, पण गेलेला नाही. लहान टर्बाइन मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतं. हलकं असलं तरी ते वस्तुमान आहे, आणि त्याला ढकलायला एक्झॉस्टच लागतो, जो आधी इंजिनात पेट्रोल जळल्याशिवाय मिळत नाही. एनए इंजिनात थ्रॉटल उघडला की बाहेरची हवा आत घुसते, इंजिनाच्या मोजक्या फेऱ्यांत इनटेक भरतो आणि विषय मिटतो. त्या व्ही8 एम3 मध्ये तर आठ सिलिंडरना आठ स्वतंत्र थ्रॉटल होते, अगदी व्हॉल्व्हच्या तोंडाशी, म्हणजे भरायची जागाच थोडी.

लॅग ही माझी कल्पना असती तर पोर्शेने त्यावर डोकं लावलं नसतं. 2015 मध्ये 911 करेरा टर्बोवर गेली, त्याच सुमारास 911 टर्बोमध्ये एक सोय आली. चालकाने क्षणभर पाय काढला तरी थ्रॉटल उघडाच ठेवायचा, फक्त पेट्रोल तोडायचं, म्हणजे हवा वाहत राहते आणि टर्बोचा वेग पडत नाही. त्याच पोर्शेने 2024 मध्ये करेरा जीटीएसच्या टर्बोला चक्क विजेची मोटर जोडली. रॅलीच्या गाड्यांचे फटाके ऐकलेत ना? पाय काढल्यावर एक्झॉस्टमध्येच इंधन जाळून टर्बो फिरता ठेवायची ती युक्ती. मिटलेल्या प्रश्नावर एवढा खर्च कोणी करत नाही.

पण खरं सांगायचं तर मला त्या अर्ध्या सेकंदाच्या उशिराचा राग नाही. उशीर ठरलेला असेल तर माणूस अंदाज बांधतो, पाय थोडा आधी देतो. त्रास होतो तो त्याच्या पुढच्या भागाचा, आणि तो लेखात मी नीट मांडला होता असं मला वाटतं, तरी पुन्हा सांगतो.

कुंभार्ली घाट, पावसाळा, पोफळीकडून वर चढतोय. एका मित्राची गाडी, पुढची चाकं ओढणारी, टर्बो, ताकद भरपूर. हेअरपिनच्या आधी ब्रेक, दुसरा गिअर, पाय पूर्ण काढलेला. वळणाच्या मध्यावर रेस दिली, साधारण चौथाई, आणि पाय तिथेच धरला. आधी गाडी शांतपणे ओढायला लागली, जेवढं हवं होतं तेवढंच. मग बूस्ट चढला. पाय जागचा हललेला नाही, स्टेअरिंग अजून वळलेलंच आहे, आणि ताकद मात्र वाढत चाललीय. आतल्या बाजूचं पुढचं चाक ओल्या डांबरावर सटकलं, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा फडफडला, गाडीचं नाक बाहेरच्या कठड्याच्या दिशेने सरकलं आणि ट्रॅक्शन कंट्रोलने ताकद तोडली. धोका काही झाला नाही, वेगही फार नव्हता. पण त्या दोनेक सेकंदांत ताकद किती द्यायची याचे तीन निर्णय झाले, त्यातला माझा फक्त पहिला.

माझ्याकडच्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकमध्ये, 106 अश्वशक्ती आणि तीही 6800 आरपीएमला, त्याच वळणातून मी हळूच निघतो. पण चौथाई पाय म्हणजे चौथाईच मिळते. थ्रॉटलला तार आहे, मध्ये कोणी नाही. वाढवायचं तर मी वाढवतो. रस्त्यावर आपण पूर्ण थ्रॉटल देतो तरी किती वेळा? घाटातला बहुतेक वेळ अर्धवट पायावरच जातो, आणि अर्धवट पायावर इंजिन कसं वागतं हे ब्रोशर सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, मुरलेला चालक टर्बोचाही अंदाज घेतो. घेतो की! पण चढ, गिअर, पाय किती वेळ काढलेला होता, यावर तो अंदाज दर वळणाला बदलतो.

आता तुमचे 550 आणि 400. आकडे खरे, पण ते क्रँकशाफ्टवरचे. रस्त्याला टेकलेली असतात चाकं, आणि चाकापर्यंत जाताना टॉर्कला गिअरने गुणावं लागतं. वर फिरणाऱ्या इंजिनाला आखूड, म्हणजे टॉर्कला जास्त गुणणारे, गिअर देता येतात, हाच तर त्याचा फायदा. मॅन्युअल गाड्यांचं दुसऱ्या गिअरचं गणित करू. व्ही8 एम3: दुसरा गिअर 2.40, फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना लागू होणारा शेवटचा गुणक) 3.85. म्हणजे 400 चे चाकाशी होतात सुमारे 3,700. टर्बो एम3: 2.32 आणि 3.46. 550 चे होतात सुमारे 4,400. क्रँकवर साडेसदतीस टक्क्यांची दिसणारी आघाडी चाकाशी येईपर्यंत वीस टक्क्यांच्या आसपास उरते. आणि दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ताणल्या तर पोचतात जवळपास सारख्याच वेगाला, ताशी 110 च्या आगेमागे. एकीने त्यासाठी 8400 आरपीएम घेतले, दुसरीने सुमारे 7500. कमाल ताकद 420 आणि 431 अश्वशक्ती, म्हणजे तिथे जवळपास बरोबरीच.

उरलेले वीस टक्केसुद्धा खोटे नाहीत. खालच्या आरपीएमला तर फरक याहून मोठा आहे: 2000 आरपीएमला व्ही8 कडे 400 पैकी साधारण 340 असतात, टर्बोकडे पूर्ण 550. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आळसात चाललेल्या गाडीला गिअर न बदलता ट्रक मागे टाकायचा असेल तर टर्बो जिंकते. सरळ जिंकते. मागच्या लेखात मी हे लिहिलं होतं, तुम्ही ते वगळून उरलेलं वाचलंत.

फेरारीचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, मीच देतो, कारण ते माझ्या बाजूने सगळ्यात बोलकं आहे. 458 इटालिया: साडेचार लिटरचं एनए व्ही8, 570 अश्वशक्ती थेट 9000 आरपीएमला. 2015 ची 488 जीटीबी: 3.9 लिटर, दोन टर्बो, 670 अश्वशक्ती, 760 न्यूटनमीटर फक्त 3000 आरपीएमला. पण हे 760 मिळतात कुठे? सातव्या गिअरमध्ये. खालच्या गिअरना सॉफ्टवेअरने टॉर्क दाबून ठेवलाय, आरपीएमबरोबर तो चढत जावा म्हणून, थोडक्यात टर्बो इंजिनाने एनएसारखं वागावं म्हणून. ज्यांच्याकडे टॉर्कचा ढीग होता त्यांनीच तो खालच्या गिअरमध्ये कुलपात ठेवला. 488 ही 458 पेक्षा वेगवान आहे, याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा वेगाचा नव्हताच.

राहिला 9000 आरपीएमचा प्रश्न, आणि तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग मला सगळ्यात जास्त पटला. पोर्शेची केमन जीटी4 घ्या. चार लिटरचं सुंदर इंजिन, 8000 आरपीएम, आणि गिअर इतके लांब की दुसऱ्यातच ताशी 130 ओलांडून जाते. अशा गाडीत रस्त्यावर दीड गिअर वापरायला मिळतो आणि बाकीचे लायसन्स वाचवायला. तिथे तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू. पण तो आक्षेप गिअरिंगवर आहे, इंजिनावर नाही.

होंडा एस2000 बघा. दोन लिटर, जपानमधल्या पहिल्या अवतारात 250 अश्वशक्ती 8300 आरपीएमला, काटा 9000 पर्यंत. 9000 ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 25 मीटर, 1999 च्या रस्त्यावरच्या गाडीसाठी हे अचाटच. सहा हजारांच्या सुमारास कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलतो आणि गाडी अंगात आल्यासारखी उठते. तरीही दुसऱ्या गिअरमध्ये 9000 ला वेग असतो ताशी 110 च्या आसपास. म्हणजे पहिला-दुसरा पूर्ण ताणूनही मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या 100 च्या मर्यादेच्या थोडंच पुढे. लांब गिअरची एनए गाडी रस्त्यावर वाया जाते, आखूड गिअरची नाही. माझ्या सिटीत तर तिसरासुद्धा बऱ्यापैकी वापरून होतो, पण तिला दमदार गाडी म्हटलं तर तुम्ही पुन्हा लिहाल, म्हणून सोडतो.

उंचीचा मुद्दा तुम्ही ओझरता काढलात, तो तुमचाच. एनए इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. महाबळेश्वरपर्यंत हे फारसं जाणवत नाही, पण लेहला साडेतीन हजार मीटरवर गाडी अर्धी आजारी वाटते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. लडाखला सामानासकट चार माणसं घेऊन जायचं असेल तर मी तुमचीच गाडी मागून नेईन. उलट एप्रिल-मेमधल्या दुपारी घाट चढताना इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) तापला की टर्बो इंजिन नॉकिंग (पेट्रोल वेळेआधीच स्वतःहून पेटणं) टाळायला स्वतःच ताकद आवरतं, हे तुम्हीही अनुभवलं असेलच. दुपारी तीनला आणि सकाळी सहाला तीच गाडी वेगळी वाटते.

शेवटी तुम्ही लिहिलंत की स्टेज वन रीमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, करून घेताय, मग घाटात भेटू. भेटू, आनंदाने. पण रीमॅपबद्दल विचारलं नसलंत तरी सांगतो: तुमच्या गाडीतल्या सहा गिअरच्या डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मूळ क्षमता 350 न्यूटनमीटरचीच धरतात, म्हणजे कंपनीनेच ती काठोकाठ वापरलीय. रीमॅपमध्ये सगळ्यात आधी फुगतो तो मधल्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे नेमकी तीच जागा जिथे ओल्या वळणात पुढची चाकं हात टेकतात. वॉरंटीचं काय होईल ते सर्व्हिस सेंटरला विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. त्याच पैशात चार चांगले टायर आणि ब्रेक पॅड येतात. आणि एकदा हे करून बघा: रिकामा, कोरडा चढ, दुसरा गिअर, 2500 आरपीएम, पाय पूर्ण काढा, दोन सेकंद थांबा, मग अर्धा पाय द्या आणि तिथेच धरा. आरपीएमच्या काट्याकडे बघू नका, सीटमध्ये पाठ कधी आणि किती दाबली जाते तिकडे लक्ष ठेवा. काय जाणवलं ते कळवा, रीमॅपच्या आधी आणि हवं तर नंतरही.