बाबाजी, इधर मत देखिये

सुट्टीत नवा कॅमेरा गळ्यात घालून 'खरंखुरं जनजीवन' टिपायला निघालेल्या तमाम मंडळींना शुभेच्छा. बनारस, पुष्कर, हनोई, मराकेश, कुठंही जा. जाण्याआधी माझे चार सल्ले तेवढे वाचून जा. मी स्वतः फोटो काढत नाही. पण अलीकडेच या कलेत मॉडेल म्हणून माझी निवड झाली, तीही मला न विचारता. त्यामुळे बोलायचा थोडाफार अधिकार आहे असं मी धरून चालतो.

आधी पोशाख. जॅकेट खिशांचंच हवं. खिशांत काही नसलं तरी चालेल, पण खिसे दिसले पाहिजेत. एक कॅमेरा गळ्यात, दुसरा खांद्यावर, कमरेला पट्टा, डोक्यावर उलटी टोपी. ज्या गल्लीत लोक बनियनवर दात घासत उभे असतात, तिथं युद्धाचं वार्तांकन करायला आल्याच्या थाटात शिरलात की निम्मं काम झालं.

लेन्स ७०-२०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी घ्या. कोणी जुना जाणकार सांगेल की रस्त्यावरच्या फोटोंना ३५ किंवा ५० मिलिमीटरची साधी लेन्स पुरते, फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं जवळजवळ सगळं काम ५० वर केलं वगैरे. त्याच्या नादी लागू नका. साध्या लेन्सचा तोटा असा की माणसाच्या जवळ जावं लागतं. जवळ गेलं की तो बघतो, "कहाँ से आये हैं" म्हणून विचारतो, वेळ असला तर चहा मागवतो. मग त्याला मुलंबाळं असल्याचं कळतं, गुडघे दुखत असल्याचं कळतं, आणि चेहऱ्यावरचं ते गूढ वगैरे सगळं जातं. २०० मिलिमीटरला ही कटकट नाही. होडीत बसल्या बसल्या घाटावरच्या आजीबाईंच्या सुरकुत्या मोजता येतात आणि आजीबाईंना पत्ताही लागत नाही.

परवानगी मागू नका. विचारलं की लोक नाही म्हणतात.

पैसेही देऊ नका. दोन लाखांचा कॅमेरा आणि वर टूरचे पैसे मोजून आलेल्या माणसानं दहा रुपये दिले की स्थानिक संस्कृती भ्रष्ट होते, हे सर्वांना माहीतच आहे. श्रीलंकेत कोग्गलाच्या किनाऱ्यावर पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसलेले कोळी बघायला जाल तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. तिथले बरेचसे 'कोळी' आता माशांसाठी बसतच नाहीत, तुमच्यासाठी बसतात. किनाऱ्यावर एक जण पैसे गोळा करायला उभा असतो. आपण घासाघीस करून निम्मे द्यायचे, फोटो काढायचे, आणि हॉटेलवर येऊन "फारच कमर्शियल झालंय हो सगळं" म्हणत फोटोखाली 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा' असं लिहायचं. माझ्या मते या सगळ्या धंद्यात खरं बोलणारा माणूस एकच, तो काठीवर बसलेला. त्यानं निदान दर तरी सांगितलेला असतो.

लहान मुलं दिसली की चॉकलेट द्या आणि भराभर काढून घ्या. आईबाप शोधत बसू नका. तुमच्या पिंकीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर कोणी टाकला होता तेव्हा तुम्ही चेअरमनपर्यंत गेला होतात, ती गोष्ट वेगळी. ती पिंकी होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठं कशाचे फोटो काढायचे, याचं कोष्टक पाठ करून टाका. झुरिक, व्हिएन्ना, म्युनिक इथं गेलात तर दरवाजे काढा. दरवाजे, खिडक्या, खिडकीतल्या कुंड्या, भिंतीला टेकवलेली सायकल, ट्राम. फारच धाडस आलं तर पाठमोरा माणूस, छत्रीसकट. समोरून नको. तिथली माणसं थांबून जाब विचारतात, आणि कायदाही त्यांच्याच बाजूनं बोलतो. जर्मनांचं हे खूळ तर फार जुनं. १८९८ साली बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर खिडकीतून आत घुसले आणि त्याच्या मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. घरच्यांनी कोर्टात खेचलं, त्या प्रकरणावरून देशभर चर्चा झाली, आणि १९०७ साली कायदाच आला की माणसाच्या चेहऱ्याचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. अपवाद आहेत, पण नियम हा. कॅनडातही तीच तऱ्हा. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो एका मासिकानं न विचारता छापला. बदनामी नाही, काही नाही, नुसती बसली होती. १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तिची दोन हजार डॉलरची भरपाई कायम केली. जपानात क्योटोच्या गिओन भागात गेइको-माइकोंच्या (म्हणजे गेइशा आणि त्यांच्या शिकाऊ मुलींच्या) मागे कॅमेरे घेऊन पळणाऱ्या पर्यटकांना लोक इतके विटले की खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास दहा हजार येन दंडाच्या पाट्या लागल्या, आणि २०२४ मध्ये अशा काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या.

एवढं सगळं वाचून घाबरू नका. म्हणूनच तर आपण बनारसला जातो.

तिथं माणसं काढा. समोरून काढा, जवळून काढा, अंघोळ करताना काढा, झोपलेली, खात असलेली, रडत असलेली काढा. व्हिएन्नात दाराचा फोटो घेताना घरमालक बघत तर नाही ना म्हणून दोनदा मागे वळून पाहणारा हाच गृहस्थ इथं दाराच्या आत लेन्स घालतो. हे मला बरीच वर्षं कोडं होतं. आता नाही.

घरी आल्यावर फोटो काळापांढरा करा आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला क्लॅरिटीचा दांडा पार उजवीकडे ओढा.

पुढचा सल्ला मृत्यूविषयी. शोकाइतका चांगला विषय नाही, कारण शोकातला माणूस हलत नाही आणि भांडायला उठत नाही. मी सप्रयोग सांगतो. आमच्या दादाच्या अस्थी घेऊन मी आणि वहिनी काशीला गेलो होतो. दादाला मुलगा नाही, म्हणून सगळं माझ्याकडे. तिथले गुरुजी मराठीच, त्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या काशीत. क्षौर झालं, बुडी मारून आलो, ओल्या पंचानं कुडकुडत अहिल्याबाईंच्या घाटाच्या पायरीवर बसलो. गुरुजी गोत्र विचारत होते. सूर्य नुकता वर येत होता, म्हणजे तुमच्या भाषेत गोल्डन अवर.

तेवढ्यात होडी लागली. त्यातून खिसेवाले दहा-बारा जण उतरले, त्यांच्या पुढे एक मार्गदर्शक सर. सर म्हणाले, "हा सब्जेक्ट बघा. लो अँगल घ्या, लो अँगल." मराठीत म्हणाले. एक जण माझ्यापासून हातभर अंतरावर पायरीवर आडवा झाला. दुसरा म्हणाला, "टकलावर लाइट काय पडलाय रे." एका बाईंचं म्हणणं पडलं की डोळ्यांत 'पेन', म्हणजे वेदना, आहे, पण थोडं अजून यायला हवं. माझ्या हातात दर्भ, समोर पिंड. मी मान वर करून बघितलं तर आडवा झालेला इसम अत्यंत नम्रपणे मला म्हणाला, "बाबाजी, इधर मत देखिये. पूजा चालू रखिये."

मी मराठीत विचारलं, "पिंड जरा डावीकडे सरकवू का, म्हणजे फ्रेममध्ये येईल?"

एकदम शांतता. मग त्या बाई, "अय्या, आपले आहेत!" आणि आडवा इसम उठून, पॅंट झटकत, अगदी मनापासून, "सॉरी हं काका. आम्हाला वाटलं लोकल आहात."

वाटलं लोकल आहात!

म्हणजे मी बलियाचा किंवा गाझीपूरचा असतो, भावाला पोहोचवून त्याच पायरीवर बसलो असतो, तर सगळं ठीक होतं. सॉरी नव्हतं. टकलावरचा लाइट मोजायला मोकळीक होती. माझ्या जागी काल कोणी तरी बसला होता, उद्या कोणी तरी बसणार, त्याला मराठी येत नसणार, आणि तुम्ही त्याच्याबद्दल त्याच्यासमोर काय वाटेल ते बोलणार. डोळ्यांत पेन कमी पडतोय म्हणून तक्रार करणार! दुःखाला काय फोडणी द्यायची होती का बाई अजून? आणि घाट कुणाचा, तर अहिल्याबाईंचा. पलीकडे मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांच्या दिवाणाचा, वर मणिकर्णिकेपाशी शिंद्यांचा, भोसल्यांचा. निम्मा किनारा आपल्या लोकांनी बांधलेला, त्यावर आपलीच माणसं क्रियाकर्म करत बसलेली, आणि पुण्याहून पैसे भरून आलेली आपलीच माणसं तिथं 'वेगळी संस्कृती' शोधतायत. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "चालायचंच, रोजचं आहे." आणि संकल्प पुढे सुरू.

जाताना त्या बाईंनी विचारलं, "काका, इन्स्टावर आहात का? टॅग करते."

यानंतरचे सल्ले शीर्षकाविषयी, प्रदर्शनाविषयी आणि स्पर्धेच्या फीविषयी लिहिणार होतो. पण आता मूड नाही राहिला.

तुम्हाला काय वाटतं, घाट म्हणजे सेट आहे? मणिकर्णिकेवर चितांचे फोटो काढू नका म्हणून होडीवाला सांगतो, घाटावरचे चिता पेटवणारे डोम लोक ओरडतात, आणि तुम्ही शालीखाली मोबाइल लपवून व्हिडिओ काढता. तुमची आई जळत असताना कोणी समोर होडी थांबवून झूम केलेलं चालेल का? इतका साधा प्रश्न आहे, आणि तो तुम्हाला कुठल्याच वर्कशॉपमध्ये पडत नाही. आषाढीला चंद्रभागेत अंघोळ करून ओल्या लुगड्यानं बाहेर येणाऱ्या बायकांसमोर गुडघ्यावर बसून कॅमेरे रोखणारेही तुम्हीच. त्या बायका पदर ओढून घेतात तो 'मोमेंट' नसतो. त्या नको म्हणत असतात. तोंडानं 'नाही' म्हटलं नाही म्हणजे हो, असा अर्थ कोणत्या कोर्समध्ये शिकवतात?

आणि 'कला, कला' म्हणून मला गप्प करायला येऊ नका. अफगाण मुलीचा तो हिरव्या डोळ्यांचा फोटो तुम्ही सगळेच उदाहरण म्हणून दाखवता. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत तो काढला, १९८५ च्या जूनमध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर आला, जगभर गेला. त्या पोरीचं नाव शरबत गुला, हे जगाला कळलं २००२ मध्ये. तिनं स्वतः तो फोटो पहिल्यांदा पाहिला तोही तेव्हाच. आणि फोटो काढला तेव्हा काय वाटलं ते तिला आठवत होतं. राग आला होता. परका पुरुष होता, आणि त्याआधी तिचा फोटो कोणी काढलेला नव्हता. ज्या डोळ्यांत तुम्ही काय काय वाचत बसलात, त्यात एवढंच होतं.

कॅमेरा थोडा वर उचलून भुवया उंचावल्या की 'काढू का' हे जगात बहुतेक ठिकाणी कळतं. भाषा लागत नाही. समोरच्यानं मान हलवली, हात आडवा केला, तोंड फिरवलं, की कॅमेरा खाली घ्यायचा आणि पुढे चालायला लागायचं. लाइट गेला तर गेला. चांगले फोटोग्राफर नसतात असं नाही. माझ्या भाच्याचा मित्र महिनाभर एकाच चहाच्या टपरीवर जाऊन बसला होता आणि मग टपरीवाल्यानंच त्याला म्हटलं, आता काढ. तुमच्याकडे महिना नाही, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे चार रात्री-पाच दिवस आहेत, नाश्ता धरून. मग तेवढ्यात मिळेल तेवढंच काढा. घाट काढा, होड्या काढा, कबुतरं काढा. दरवाजे काढा, ते तर तुम्हाला येतंच.

आणि त्या ताई. "डिलीट करते हं काका" असं तुम्ही म्हणाला होतात. परवा भाच्यानं मोबाइल पुढे केला. कुठल्याशा स्पर्धेत निवडलेले फोटो, त्यात मी. काळापांढरा. खाली 'लोनली साधू, बनारस'. मी एस.टी.च्या सांगली डेपोतून रिटायर झालेला माणूस आहे, साधू नाही. आणि लोनलीही नव्हतो. माझ्या डाव्या हाताला, खांद्याला खांदा लावून, वहिनी बसल्या होत्या. त्यांचा नवरा गेला होता. फ्रेम बिघडते म्हणून तुम्ही त्यांना कापून काढलंत. पदराचं टोक तेवढं राहिलंय कोपऱ्यात, ते नीट कापायचं राहून गेलं तुमच्याकडून.

तो फोटो काढून टाका. आजच्या आज.